बस वळायची जागा

राळेगाव,
गुरुवार

प्रिय उर्वशी,

अब्बांनी मला एक प्रश्न विचारलाय आणि पंधरा दिवस झाले तरी त्याचं उत्तर मला येत नाही. तालुक्यातल्या गाड्या खरंच कमी झाल्या, तर गाड्या दुरुस्त करणाऱ्यानं काय करायचं? रागानं विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. पण ते कुणाच्या तरी जीपखालून, नट सैल करता करता, घरातल्या आपल्या हिंदीत म्हणाले, "बेटा, तेरी बात बराबर है. सब लोग बस से गए तो अच्छाच है. फिर मैं क्या खोलूँ? तेरी अम्मी का कुकर?" अम्मी हसली, मीही हसले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हिला सगळं ठाऊक असणार. विजेचं बिल चुकलं की मी, कुणाचं आधार कार्ड अडकलं की मी. पण या एका प्रश्नाला मी अजून 'बघते' एवढंच म्हटलंय.

हे सगळं मी मोबाइलवर लिहिलं असतं, पण तुझी सवय मला माहीत आहे. 'बाबा' हा शब्द दिसला की तू पुढचं वाचत नाहीस. फोनवर तर त्याच्याही आधी विषय बदलतेस. कागद मात्र तू नीट वाचतेस. कॉलेजात माझ्या प्रत्येक निबंधाच्या शेवटच्या ओळीपर्यंत लाल पेन घेऊन बसायचीस. म्हणून हे कागदावर. बातम्या सगळ्या बऱ्या आहेत, घाबरू नकोस.

मी आता काय काम करते ते तुला अर्धवटच माहीत आहे. यवतमाळच्या एका संस्थेनं तालुक्यातल्या येण्याजाण्याचा आराखडा करायला घेतलाय आणि मी त्यात गावोगाव फिरते. दारात जायचं, विचारायचं, तुमच्या घरातलं कोण कुठे जातं, कसं जातं, नाही जाता आलं तर काय होतं. शेवटचा प्रश्न मी स्वतः घातलाय, आणि उत्तरं तिथंच मिळतात. एका बाईनं सांगितलं, दवाखान्यात जायचं तर नवऱ्याला वेळ कधी होतो ते बघायचं, आणि त्याला वेळ झाला की दवाखाना बंद असतो. असलं ऐकलं की मला वाटतं, रस्ता रुंद करून आणि आणखी गाड्या आणून हे सुटणार नाही. वेळेवर येणारी बस हवी, फाट्यावर सावली हवी, सायकल लावायला जागा हवी. तू हसशील. 'फरहानाचं भाषण सुरू झालं' म्हणशील. असू दे, मी अजून तशीच आहे.

तर मे महिन्यात मी तुमच्या धामणडोहला गेले. तुला ठाऊक नसेल, पण दिवाळीपासून बस गावात येतच नव्हती. फाट्यावरूनच परत जायची. का, तर शाळेसमोर टाकीजवळची ती मोकळी जागा, जिथं बस वळायची, तिथं आता गाड्या उभ्या असतात. आपण कॉलेजात होतो तेव्हा गावात दोन चारचाक्या होत्या. आता मी मोजल्या तर अकरा. गल्ल्यांमध्ये त्या शिरत नाहीत, म्हणून टाकीजवळ; आणि खरं सांगायचं तर गावात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपली गाडी आधी दिसावी म्हणूनही टाकीजवळ. बसला वळायला जागाच उरली नाही. चालकानं एकदा मागे घेतली तेव्हा शाळेतली पोरं मागेच खेळत होती, थोडक्यात निभावलं. त्यानंतर आगारानं फेरी फाट्यापुरती केली. त्यांचंही काही चुकलं नाही. पण फाटा तीन किलोमीटर, मध्ये तो नाला, आणि गावातल्या चौदा मुली राळेगावला शिकायला जातात. दिवाळीनंतर त्यातल्या तिघी यायच्या थांबल्या. चालणाऱ्यांत तुझी धाकटी बहीण प्रेरणा होती. तिनं अकरावीला सायन्स घेतलंय. तुझी आई, इंदूकाकू, मला म्हणाल्या, "पावसायात नाला भरला का हे पोरगी घरीच बसते बाप्पा. मंग कायचं सायन्स?"

मी अहवाल लिहिला आणि आगारात गेले, आणि माझी पहिली फजिती तिथंच झाली. साहेबांनी माझाच कागद माझ्यासमोर धरला. "मॅडम, तुम्हीच लिहिलंय, गावात अकरा चारचाक्या. मग बस कुणासाठी?" गाड्या मोजताना मला वाटलं होतं की यातून अडचण दिसेल. त्यांना त्यातून सोय दिसली. मी सांगायचा प्रयत्न केला की घरं एकशेचाळीस आहेत, आणि त्या अकरा घरांतली राळेगावला शिकणारी मुलगी एकच आहे, आणि तीसुद्धा चालत जाते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गाडी दारात अन् पोरगी पायी? कोणाची हो?" मी काकांचं, तुझ्या बाबांचं, नाव सांगितलं नाही. माणूस भला होता. म्हणाला, जुलैच्या पहिल्या सोमवारी एक चाचणी फेरी सोडतो. बस एका दमात वळली, मागे घ्यावी लागली नाही, तर फेरी परत सुरू. नाही वळली, तर या वर्षी विषय बंद.

चालक आले गुलाबसिंग राठोड, आधी जागा बघायला, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मोटारसायकलवर. मी टेप, दोरी, चुना, सगळं घेऊन तयार होते. त्यांनी माझ्या टेपकडे बघितलंसुद्धा नाही. मैदानाच्या तोंडाशी उभे राहिले, दोन्ही हातांत स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले, आणि मुलींना म्हणाले, "चला, माह्या मांगं लायनीनं लागा. तुमी बस हाय." उर्वशी, त्या तेरा-चौदा मुली एकीच्या पाठीला एक धरून त्यांच्या मागे, आणि ते हळूहळू वळताहेत, तोंडानं इंजिनाचा आवाज काढताहेत! भाजी विकणाऱ्या सुखीबाईंनी टोपली खाली ठेवली आणि शेपटाला जाऊन लागल्या. "मी बी टिकिटवाली हाय नं!" म्हणे. वळता वळता प्रत्येक गाडीशी मुलींची ओळ अडायची आणि गुलाबसिंग ओरडायचे, "हे सरकवा! हे बी सरकवा!" गाडीवाले आधी फुरंगटले. एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "मिस्त्रीची पोरगी गाड्या बंद कराले निघाली. बापाले उपाशी ठेवतं का?" सुखीबाईंनी त्याला तिथल्या तिथं घेतलं, "तुह्या मायले घेऊन जातं का रे तू गाडीत? पोळ्याच्या पोळ्याले त पुसतं फक्त!" सगळे हसले आणि तोही हसला. तासाभरात दहा गाड्या टाकीच्या पलीकडे एका रांगेत लागल्या. भांडण न होता लागल्या, याचं मला अजून नवल वाटतं.

अकरावी गाडी हलली नाही. ती तुझी.

मला माहीत आहे, तुला ती गाडी आठवायला आवडत नाही. तुझी पुण्याची नोकरी ठरली तेव्हा काकांनी ती घेतली, जुनीच, पण बरी. अब्बांनीच शोधून दिली होती, म्हणून मलाही तेव्हा तुझ्या नजरेला नजर देता येत नव्हती. तू घरी राहून यवतमाळला बी.एड. करावंस, काकांनी तुला रोज गाडीनं सोडावं आणि आणावं, असा सगळा बेत होता. गाडीचे कागद तुझ्या नावावर. काका चालवायला शिकत होते, आठवतं? अब्बांनी त्यांना कापणी झालेल्या वावरात तीन दिवस शिकवलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तुरीच्या गंजीत घातली. मग तू गेलीस. फाट्यावर तुमच्यात काय बोलणं झालं ते तू मला सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. एवढंच कळलं की तुला वाटलं, बाबांनी तुला बांधायला दोरी आणली. आणि बाबांना वाटलं, पोरीनं आपली वस्तू लाथाडली. तीन वर्षं झाली. मला दोघांचंही पटतं, म्हणून मी कधी मध्ये पडले नाही.

गुलाबसिंगांची ओळ नेमकी तुझ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी अडली. दोन वीत जागा कमी. काका तिथंच उभे होते. सगळे म्हणाले, "किसनराव, दोन पावलं त सरकवाची हाय. चालू करा अन् घ्या मांगं." काका म्हणाले, "गाडी उर्वशीची हाय. तिले विचारल्याबिगर मी हात लावत नसतो." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा हेका. मलाही तसंच वाटलं आणि मी चिडले. स्वतःची मुलगी नाल्यातून चालते आणि हा माणूस गाडीला जपतो, असं घरी येऊन अब्बांसमोर बोलले. तोंडाला येईल ते बोलले.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग हात पुसून बाजेवर बसले आणि सांगितलं की ती गाडी दोन वर्षांपासून चालू होत नाही. उंदरांनी वायरिंग खाल्लंय. एअर फिल्टरच्या डब्यात त्यांनी सरकीसकट कापूस नेऊन घरटं केलं होतं, पिल्लं होती त्यात. दुरुस्तीला काका नाही म्हणाले. चालवणार कोण? पण अब्बांना चहा पाजून त्यांनी एक मागणं मागितलं होतं, "मोईनभाई, गावाले सांगजा गाडी चालू हाय." म्हणून अब्बा दर महिन्याला धामणडोहला जातात, बॉनेट उघडतात, आत डोकं घालून पाच मिनिटं उभे राहतात, बंद करतात आणि चहा पिऊन येतात. गावाला वाटतं सर्व्हिसिंग झाली. मी म्हटलं, अब्बा, मी इतके दिवस गाड्या मोजते आहे, मला तरी सांगायचं. तर म्हणाले, गिऱ्हाईकाची गाडी बिघडली की मिस्त्रीनं बाहेर बोलायचं नसतं. लोक गाडी आपल्याकडे विश्वासानं सोडतात, तिच्यात त्यांच्या घराचंही बरंच काही राहून जातं. मी आराखड्यासाठी एवढी घरं पालथी घातली, पण हे माझ्या कुठल्याच कागदात नव्हतं. माझ्या अकरा गाड्यांतली एक गाडी नव्हतीच. ते तुझं घरी परत येणं होतं, काकांनी झाकून ठेवलेलं. रोज सकाळी ते तिचं कापड झटकतात, उर्वशी. पोळ्याच्या पोळ्याला नाही, रोज.

आता माझी अडचण बघ. गावासमोर 'ती चालू होत नाही' म्हणावं तर अब्बांचा शब्द मोडतो आणि काकांची मान खाली जाते. न म्हणावं तर सोमवारी बस अडते. तुला मी शनिवारी तीनदा फोन केला. पहिल्यांदा तू मीटिंगमध्ये होतीस. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "तुझ्या गाडीचं जरा बोलायचं होतं," आणि तू म्हणालीस, "त्या घरातलं काही नको गं, बाकी बोल." तिसऱ्यांदा तू उचललाच नाहीस. रविवारी सकाळी दूध काढायच्या वेळेला मी काकांकडे गेले आणि बोलले. काय बोलले ते शेवटी सांगते, कारण तेच लिहायला मला सगळ्यात जड जातंय. पण ते ऐकून काका शेवटी म्हणाले, "बलाव मोईनभाईले."

अब्बांची कमाल त्या दिवशी बघायला हवी होतीस. सगळ्यांसमोर त्यांनी बॉनेट उघडलं, मान हलवली आणि मोठ्यानं जाहीर केलं, "बॅटरी उतरली. धक्का माराले लागते." बॅटरी काय, कुणाचीही उतरते, त्यात लाज नसते. काकांना त्यांनी मानानं स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि मुलींनी मागून जोर लावला. चाकं जमिनीत रुतली होती, ती सुटली तेव्हा खाली पिवळ्या गवताचे चार चौकोन उरले. पुढे नाल्याकडे उतार. गाडी आपोआप निघाली, मुली ओरडल्या, आणि काका हसत होते, खरंच, तोंड भरून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. वळणापलीकडे, गावाला दिसणार नाही अशा ठिकाणी, अब्बांनी जीप आणि साखळी आधीच लावून ठेवली होती. गाडी आता आमच्या गॅरेजात आहे. कुणाला शंका आली असेल तर कुणी बोललं नाही.

सोमवारी साडेनऊला बस आली. आगारातले साहेब स्वतः पुढच्या सीटवर होते. आदल्या संध्याकाळी मी आणि प्रेरणानं चुन्यानं वळणाची रेघ मारली होती, ती पावसानं अर्धी पुसली होती, पण गुलाबसिंगांना तिची गरज नव्हती. ते वळले, एका दमात, टाकीला हात लावता येईल इतक्या जवळून, आणि बसचं तोंड फाट्याकडे करून थांबले. टाळ्या नाहीत, काही नाही. सुखीबाईंनी टोपली आत ढकलली, "सरका वं पोरींनो" म्हणाल्या आणि चढल्या. मग मुली चढल्या. त्या तिघींपैकी दोघी होत्या. तिसरीचं लग्न ठरलंय. साहेब उतरून मैदानात एक चक्कर मारून आले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बुधवारी आदेश निघाला. सकाळची साडेनऊची आणि संध्याकाळची सव्वापाचची. गुरुवारपासून सुरू झाली, आज आठवा दिवस आहे आणि एकदाही चुकली नाही. काल नाला भरला होता. प्रेरणा बसमधून गेली. मी या कामात आणखी काही केलं नाही तरी मला हे पुरेल, असं आज वाटतंय. उद्या वाटणार नाही, कारण उद्या मला दुसऱ्या गावाला जायचंय, आणि तिथं फाटा सहा किलोमीटर आहे.

आणि आता ते. रविवारी सकाळी मी काकांना सांगितलं, "काका, उर्वशीला विचारलं मी. ती हो म्हणाली." मी, जी फॉर्मवर एक आकडा अंदाजानं भरत नाही, ती तुझ्या नावानं खोटं बोलले. मला वाटलं, एवढंच बोलायचं आणि निघायचं. पण काकांनी भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "अजून काय म्हनली?" मी तयारी केली नव्हती. समोर त्यांचा सुजलेला गुडघा दिसत होता, म्हणून म्हटलं, "तुमचा गुडघा कसा आहे विचारत होती." ते म्हणाले, "तिले कोनं सांगतलं गुडघ्याचं?" मी म्हटलं, मीच. त्यांनी लुंगी ओढून गुडघा झाकला, आणि मग उगाच गोठ्याकडे बघत म्हणाले, "बरा हाय म्हनावं." माझ्या त्या खोट्या शब्दांवर ती गाडी हलली, आणि त्यावरच बस वळली. तू त्यांचं म्हणणं ऐकलं नाहीस आणि तुझं म्हणणं मी चोरलं, तेव्हा आधी मला रागाव. माझं खोटं तू निभवावंस असं मी म्हणत नाही. त्यांना खरं काय ते सांगायचं असेल तर सांग, तो हक्क तुझा आहे, आणि ते माझ्यावर चिडले तर मी जाऊन ऐकून घेईन. पण काल संध्याकाळी ते सव्वापाचच्या बसच्या आधी गॅरेजात आले, गाडीभोवती एकदा फिरले आणि मला म्हणाले, "रविवारी सुट्टी असते नं तिले? नंबर दे. मी काही म्हनत नाही तिले, फक्त सांगतो का गुडघा बरा हाय." नवा नंबर त्या घरी द्यायचा नाही असं तू मला बजावलं होतंस, आणि मी दोन वर्षं पाळलं. हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या, म्हणून घाईनं लिहिलंय, की फोन वाजेल तेव्हा तुला आधी माहीत असावं. नंबर मी त्यांना दिला. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत, त्यांच्यासमोर, स्वतःच्या हातानं लिहून दिला.

तुझी, रागावलीस तरी तुझीच,
फरहाना